मूड आधी, पार्सल मागाहून

ऑनलाइन साडी मागवणारी बाई आणि त्या साडीचं पार्सल फोडणारी बाई एकच असते, असा कुरिअर कंपन्यांचा समज आहे. नाव एक, पत्ता एक, ओटीपीसुद्धा एकाच फोनवर येतो, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण मागवणारी बाई रात्री अकरा वाजता ओटा पुसून, दुधाला विरजण लावून, अंधारात उशीवर कोपर टेकून पडलेली असते. गडद वांगी रंगाची लिननची साडी आणि तिच्यावर बिनबाह्यांचा ब्लाउज यासाठीच आपला जन्म झाला, अशी त्या घटकेला तिची खात्री पटलेली असते. पार्सल फोडणारी बाई चार दिवसांनी, दुपारी सव्वादोनला, हातात कोथिंबिरीची अर्धवट निवडलेली जुडी घेऊन दार उघडते. लिनन उलगडून बघते आणि विचारते, "हे पोतं कुणी मागवलं?" हा प्रश्न ती अगदी मनापासून विचारत असते. घरात मागवणारं दुसरं कुणी नाही हे तिला पटायला वेळ लागतो.

बायकांच्या कपड्यांच्या धंद्यातली खरी अडचण इथे आहे. मूड टिकतो, फार तर, एक कुकर लागून त्याची वाफ जिरेपर्यंत. माल यायला लागतात चार दिवस. ऑनलाइन येण्याआधी तर हे अंतर महिन्यांमध्ये मोजावं लागे. साडी आवडायची नवरात्रात. मग ती फॉल-पिकोला जायची. परकरासाठी मॅचिंग सेंटरमध्ये पदराचं टोक घेऊन उभं राहायचं, तर तिथला मुलगा बत्तीस प्रकारचे राणी कलर दाखवून "हाच शेड उद्या येईल" म्हणायचा. शेवटी ब्लाउज टेलरकडे. "दिवाळीच्या आधी देतो" असं टेलर छातीठोकपणे सांगत असे. मात्र कुठल्या दिवाळीच्या, हे विचारायचं आपल्याकडून राहून जाई. तुळशीचं लग्न लागल्यावर ब्लाउज हातात यायचा, तेव्हा त्या साडीमागच्या मूडचं तेरावंही उरकलेलं असे.

पार्लरमध्ये हे अंतर आणखी क्रूर होतं, कारण तिथे माल परत करता येत नाही. केस कापून टाकावेत ही इच्छा घरात, बहुतेक करून नवऱ्याशी नाही तर आईशी बोलणं झाल्यावर उत्पन्न होते. रिक्षात ती पक्की होते. खुर्चीत बसून गळ्याभोवती कापड आवळलं की डळमळते आणि पहिली बट खाली पडताक्षणी नाहीशी होते. आमच्या कॉलनीतल्या पार्लरवाल्या ताई या बाबतीत मानसशास्त्राच्या प्राध्यापक व्हायला हरकत नाही. आत आलेल्या बाईने पर्स टेबलावर ठेवली तर तिचे केस ती सांगेल तसे कापतात; पर्स आपटली तर फक्त टोकं ट्रिम करून, डोक्याला तेल लावून, चहा पाजून घरी पाठवतात. पर्स आपटणारी बाई पुढच्या वेळी येऊन त्यांचे आभार मानते. कशाबद्दल, हे दोघींपैकी कुणीच बोलत नाही.

पुरुषांना या मूडचा हिशोब लागत नाही, कारण बाई नटते ती कुणीतरी बघावं म्हणून, या एकाच गृहीतावर त्यांचं सगळं गणित उभं असतं. रात्री अकराला अंधारात कोण बघत असतं? दुपारी कपाट उघडून, आहेरात आलेली इरकल खांद्यावर टाकून, आरशासमोर दोन मिनिटं उभं राहून ती पुन्हा घडी करून ठेवणारी बाई कुणाला दाखवत असते? तिला एवढंच तपासायचं असतं की आज आपल्यात कोण कोण हजर आहे. इरकल टाकली की शिस्तीची, बँकेतून पासबुक भरून आणणारी, नातवंडांना पाढे विचारणारी बाई हजेरी लावते. खणाचा ब्लाउज आणि चंद्रकोर लावली की ढोलपथकातली येते. काजळ जरा जाड झालं की बंगाली सिनेमातली, खिडकीत उभी राहून काहीच न बोलणारी. सलवार-कुडता आणि शबनम पिशवी घेतली की सत्तरीच्या दशकात मोर्चाला गेलेली, म्हणजे आपण तेव्हा बालवाडीत असलो तरी. यातली प्रत्येक जण खरी असते. प्रश्न इतकाच, की त्या सगळ्यांचा कपड्यांचा खर्च एकाच पगारातून निघायचा असतो.

"मला घालायला काहीच नाही" या वाक्यावर नवरे जे हसतात, ते याच अज्ञानातून. कपाट उघडलं की अंगावर साड्यांचा कडा कोसळतो, आणि ही म्हणते काहीच नाही! अहो, कपाटात आहे ते मागच्या महिन्यातल्या, मागच्या वर्षातल्या आणि तुमच्या बहिणीच्या लग्नातल्या बाईचं आहे. आज सकाळी जी उठली आहे, ती नवीन आहे. तिचं खरोखरच काही नाही.

या प्रश्नावर विज्ञानाने अलीकडे तोडगा काढला, आणि त्याला व्हर्च्युअल ट्राय-ऑन म्हणतात. फोनचा कॅमेरा चेहऱ्यावरचे बिंदू हेरतो: डोळ्यांचे कोपरे, भुवयांच्या कडा, ओठांची सीमारेषा. मग चेहरा हलेल तसा त्या सीमारेषेच्या आत रंग भरत राहतो. लिपस्टिक विकत न घेता लावून बघता येते. मोठमोठ्या कंपन्यांनी हे मनावर घेतलं आहे. लोरेआलने तर २०१८ साली टोरंटोची मोडीफेस ही कंपनीच विकत घेतली, कारण चेहऱ्यावर रंग चढवून दाखवण्यात ती तरबेज होती. कपड्यांच्या बाबतीत गूगलने २०२३ मध्ये अमेरिकेत बायकांच्या टॉपपासून आरंभ केला. आधी कपडा वेगवेगळ्या मापांच्या मॉडेलांवर दिसे, २०२५ पासून आपला स्वतःचा फोटो देऊन स्वतःवर बघता येऊ लागला. म्हणजे मूड आला आणि माल त्याच सेकंदाला अंगावर.

अर्थात यंत्राला घरगुती वातावरणाची सवय व्हायची आहे. आमच्या नणंदबाई एकदा दिवाणखान्यात बसून गडद मरून लिपस्टिक लावून बघत होत्या. मागून सासरे पेपर न्यायला आले. फोनला माणसांत भेदभाव नाही. त्याने त्यांनाही मरून लावली. ते निघून गेल्यावर कॅमेऱ्याने जरा शोधाशोध केली आणि भिंतीवरच्या, चंदनाचा हार घातलेल्या आजेसासऱ्यांचे ओठ रंगवले. नणंदबाईंचं म्हणणं, तिघांत शेड खुलली ती आजोबांनाच. पुढे हसायला तोंड उघडलं तर लिपस्टिक दातांवर गेली. या एका बाबतीत मात्र यंत्राने वास्तवाशी संपूर्ण इमान राखलं आहे.

साडीपाशी आलं की यंत्र गांगरतं. टॉपला बाह्या असतात, गळा असतो, म्हणजे कुठे काय बसवायचं याची खूण असते. साडी म्हणजे साडेपाच मीटर सरळ कापड. तिला स्वतःचा आकारच नाही, नेसणारीने दिला तरच. त्यामुळे फोनमधल्या साड्यांच्या निऱ्या कुठूनही सुरू होतात आणि कुठेच खोचलेल्या नसतात. पदर खांद्यावरून मागे जातो आणि तिकडेच नाहीसा होतो. नऊवारीचं तर नावच काढू नये. काष्टा कुठून कुठे जातो हे घरातल्या सुनांनाही दोन लग्नं पार पडल्याशिवाय कळत नाही, तिथे कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरला काय कळणार?

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे या शोधाचं तितकंसं नवल वाटायला नको होतं. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर नाही तर मुंबईत दादरला साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या कुठल्याही बाईने हे तंत्र बघितलेलं आहे. समोरचा सेल्समन, मिशी राखलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं, उठून उभा राहतो, साडीचं टोक पँटीच्या पट्ट्यात खोचतो, झरझर चार निऱ्या घालतो आणि पदर खांद्यावरून सोडून आपल्याकडे बघतो. गादीवरच्या एकाही बाईला त्याची मिशी दिसत नाही. प्रत्येकीला त्या पदराआड आपण स्वतःच दिसतो, तेही दहा किलोने कमी. एवढं गणित करायला संगणकाला केवढी वीज लागते. बायका ते चहाच्या कपाबरोबर करत आल्या आहेत.

त्याआधीची पिढी तर तिकिटं काढून हे बघायला जायची. नाटकात बायकांच्या भूमिका करणारे बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस हे पुरुष, पण त्यांचे शालू, त्यांचा अंबाडा, त्यांची साडी नेसण्याची ढब यांचं अनुकरण महाराष्ट्रातल्या घरंदाज बायकांनी केलं. आपण कशा दिसू शकतो हे एका गृहस्थांना बघून ठरवायचं, म्हणजे लक्ष्मी रोडचा सेल्समन आणि बालगंधर्व यांची परंपरा एकच. आणि त्यांची गाजलेली भामिनी तरी काय करते? १९११ च्या 'संगीत मानापमान'मधली ही श्रीमंताघरची मुलगी वनमाला बनून, साध्या पोशाखात वावरते आणि त्या पोशाखात तिच्या प्रेमाचं गणित सुटतं. हे नाटक लिहिणाऱ्या खाडिलकरांना माहीत होतं की कपडे बदलले की बाईला दुसरं कथानक मिळतं.

हॉलीवूडला हे कळायला १९९५ उजाडावं लागलं. 'क्लूलेस' सिनेमातल्या त्या श्रीमंत शाळकरी मुलीच्या संगणकात तिचं अख्खं कपाट असतं. ती बटण दाबते, पडद्यावर स्कर्ट आणि जाकीट जुळतं की नाही ते यंत्र सांगतं, आणि ती त्याप्रमाणे शाळेत जाते. तो सिनेमा बघून आमच्या पिढीतल्या कित्येक जणींनी मनोमन तशा संगणकाची वाट बघायला सुरुवात केली. तीस वर्षांनी तो आला, तेव्हा आमच्या शाळकरी मुलींनी "आई, स्टोरेज फुल झालंय" म्हणून सांगितलं.

मग २०२५ चा सप्टेंबर उजाडला आणि एका आठवड्यात सगळ्या जणी लाल शिफॉनमध्ये गेल्या. गूगलच्या जेमिनीतल्या चित्रं करणाऱ्या यंत्राला, ज्याला लोक नॅनो बनाना म्हणू लागले, आपला साधा फोटो द्यायचा आणि जुन्या हिंदी सिनेमासारखी साडी मागायची. क्षणात वारा सुटायचा, मावळतीचं सोनेरी ऊन पडायचं, केसांत फूल यायचं. शेजारच्या देशपांडेकाकू, ज्यांना वारा सुटला की आधी गच्चीवरचे पापड आठवतात, त्या डीपीत भिंतीला टेकून दूर कुठेतरी बघत होत्या. फोटो असे कुठेही देऊ नका, म्हणून जाणकारांनी आणि पोलिसांनी सावध केलं. काकूंनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिरव्या साडीला पण चालतो का हो वारा?"

त्याच महिन्याच्या २२ तारखेला, सोमवारी, घट बसले. आता नवरात्रीचे रंग हा आपल्याकडे बाईच्या मूडवर वेळापत्रक लावण्याचा प्रयोग आहे. रंग वाराप्रमाणे ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी. वर्तमानपत्राने छापायचं आणि लोकलच्या लेडीज डब्याने पाळायचं, अशी विभागणी आहे. मंगळवारी मन कितीही पांढरं असलं तरी अंगावर लालच. गोची होते ती करड्या दिवशी. मराठी घरात करडी साडी नसते. कुणी आहेरात दिली तर तिचं पिशवीत रूपांतर होतं. ऑफिसच्या ग्रुप फोटोत मात्र नऊही दिवस हजेरी लागते. त्या वर्षी आमच्या ओळखीच्या एकीने आदल्या दिवशीच्या हिरव्या साडीतला फोटो फोनकडून करडा करून ग्रुपवर टाकला. तिला अठ्ठावीस अंगठे आले, आणि जिने खरोखर चुलतजावेकडून करडी साडी मागून आणून नेसली होती, तिला अकरा. ती त्यानंतर आठवडाभर कॅन्टीनमध्ये वेगळ्या टेबलावर बसत होती.

कंपन्यांनी हे अंगावर घालून दाखवण्याचं तंत्र जनकल्याणासाठी काढलेलं नाही. ऑनलाइन विकलेले कपडे मोठ्या संख्येने परत येतात; अंगावर बसत नाहीत, रंग वेगळा दिसतो, किंवा दोन मापं मागवून एक परत करायचं हे आधीच ठरलेलं असतं. परत आलेल्या मालाची ने-आण आणि पुन्हा घडी घालणं कंपनीच्या गळ्याशी येतं. म्हणून त्यांचा हिशोब असा की बाईला आधीच अंगावर दिसलं की ती निश्चिंत होऊन विकत घेईल. हिशोब बिनचूक आहे. त्यात फक्त बाई विचारात घेतलेली नाही.

अंगावर दिसलं, की तिचं काम झालेलं असतं. दुकानात तिला घ्यावंच लागायचं, कारण सेल्समनने ढीग काढलेला असायचा. "इतकं दाखवलं बिचाऱ्याने, आता तसंच कसं उठायचं?" या एका वाक्यावर महाराष्ट्रातला निम्मा साडीधंदा चालला. कुठल्याही घरातलं कपाट बघा: काही साड्या आवडीच्या, काही आहेराच्या आणि उरलेल्या भिडेच्या. भिडेच्या साड्या नेसत नाहीत, देऊनही टाकत नाहीत. त्यांच्याकडे बघून त्या सेल्समनचा घाम आठवतो. फोनला घाम येत नाही. तीनशे साड्या उलगडायला लावा, त्याला घडी घालायची नसते, जेवायला जायचं नसतं, मालक गल्ल्यावरून बघत नसतो. भीडच संपली. रात्री अकरा ते साडेअकरा वांगी रंगाची बाई होऊन घ्यायचं, फोन उशीखाली ठेवायचा आणि झोपायचं. सकाळी कंपनीचा लाडिक निरोप येतो: "तुमच्या बास्केटमध्ये काहीतरी राहून गेलंय!" त्या बास्केटमध्ये साधारण एका तालुक्याचं लग्न लागेल इतका माल राहून गेलेला असतो.

फोनची एक उणीव मात्र सगळ्या बायका एकमताने सांगतील. तो नाही म्हणत नाही. 'नाही' तर सेल्समनही म्हणत नसे, पण दुकानात गादीवर शेजारी एक अनोळखी बाई असायची. आपण पदर खांद्यावर टाकून आरशात बघत असताना ती तिच्या साड्यांतून मान वर करायची आणि म्हणायची, "रागावू नका हं, पण हा रंग तुम्हाला मारतो." ना ओळख, ना देणंघेणं, पण तिचा शब्द हायकोर्टाच्या वर. बरोबर आलेल्या बहिणीचा, जावेचा, मुलीचा सल्ला संशयास्पद, कारण प्रत्येकीचा त्यात काही ना काही अंतःस्थ हेतू. अनोळखी बाईचा हेतू एकच असायचा: आपण ती साडी खाली ठेवली की ती उचलायची. तरीही तिचं चुकत नसे. हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेला जमेल तेव्हा ती बुद्धिमत्ता.

वजनाचंही तसंच. येवल्याची अस्सल पैठणी अंगावर घेतली की मान आपोआप सरळ होते, आवाज अर्धा सूर खाली येतो आणि धाकट्या जावेला नावाने हाक मारायचा अधिकार आल्यासारखं वाटतं. हा मूड रंगातून येत नाही, जरीच्या भारातून येतो. फोनमधली पैठणी बिनवजनी. तिच्यात माणूस मिरवतो, पण वाकून नमस्कार करताना पदर सावरायची वेळ येत नाही, त्यामुळे नमस्काराला अर्थ राहत नाही.

हे सगळे आक्षेप मी आमच्या मावशीला सांगून पाहिले. मावशी पंचाहत्तरीची, गुडघ्यांमुळे बाहेर पडणं कमी झालेलं, आणि नातीने तिला फोनवर साड्या नेसवून बघायला शिकवलेलं. दुपारी वामकुक्षी झाली की ती चष्मा पुसून बसते. सोमवारी गढवाल, मंगळवारी नारायणपेठ, कधी आयुष्यात न नेसलेली, काकांना न चालणारी काळी चंद्रकळासुद्धा. जोडीला लिपस्टिक, "अगदी फिकी गं, कळणारही नाही अशी". मधे एकदा केस आखूड करून बघितले, तेव्हा तासभर इंग्रजीतच बोलत होती म्हणे.

परवा तिच्या मुलाने तिच्या फोनमध्ये एक सुरेख गढवाल बघितली. मोतिया रंगाची, लाल काठांची. मुलगा हळवा. म्हणाला, "आई, किती छान दिसतेयस गं यात. वाढदिवसाला मागवू का तुला हीच?"

"छे रे बाबा," मावशी म्हणाली, "दोनदा नेसून झाली माझी ती. तीच तीच किती नेसायची माणसाने?"